ताऱ्याचे तापमान कळले म्हणून त्याचे अंतर कसे कळते?

सागरतीर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात कृत्तिकांचा पुंजका दाखवताना मार्गदर्शकांनी सांगितले की तो आपल्यापासून सुमारे ४४४ प्रकाशवर्षे दूर आहे. हे अंतर मोजले कसे, असे विचारल्यावर त्यांनी आधी पराशय समजावून सांगितला. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांच्या अंतराने तारा पाहिला, तर तो मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो आणि त्या कोनावरून अंतर निघते, एवढे मला नीट समजले. मात्र पुढे ते म्हणाले की पराशय मोजता येत नसेल, तर ताऱ्याची तेजस्विता आणि तापमान यांवरूनही अंतर काढता येते. माझा गोंधळ तिथे सुरू झाला.

मी किनाऱ्यावर राहतो. रात्री समुद्रात होड्यांचे दिवे दिसतात. मंद दिसणारा दिवा जवळच्या होडीवरचा लहान कंदील आहे की लांबच्या ट्रॉलरवरचा मोठा दिवा आहे, हे नुसते बघून सांगता येत नाही. ताऱ्याचेही तसेच असणार. तो मंद दिसतो याचा अर्थ तो दूर आहे असा घ्यायचा, की तो मुळातच क्षीण आहे असा? एका समीकरणात दोन अज्ञात राशी असल्यासारखे हे वाटते. त्यात तापमान आणले, तर ते तापमान अंतर माहीत नसताना मोजायचे कसे, हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. कृपया कोणीतरी सविस्तर सांगावे. थोडे गणित आले तरी चालेल.

वर्णपटवेडा

आपला प्रश्न नेमका आहे आणि दिव्याचे उदाहरण तर उत्तम आहे, म्हणून त्याच उदाहरणावरून पुढे जाऊ. दिवा लांब गेला की मंद होतो, पण त्याचा रंग बदलत नाही. जुन्या सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एक किलोमीटरवरून पिवळा दिसतो आणि पाच किलोमीटरवरूनही पिवळाच दिसतो. अंतर वाढल्याने सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी होतो, त्यामुळे रंगांचे परस्परांशी असलेले प्रमाण तसेच राहते. ताऱ्याचे तापमान या प्रमाणावरूनच ठरते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५७७० केल्विन आहे. त्याहून तप्त तारे निळसर आणि थंड तारे नारिंगी-तांबडे दिसतात. निळ्या आणि पिवळ्या-हिरव्या गाळणीतून ताऱ्याची प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी दिसतो याचा आकडा, मोजून दोहोंतील फरक घेतला की रंगाला आकडा मिळतो आणि त्यावरून तापमान काढता येते. वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, घेतला तर याहून चांगले, कारण त्यातील काळ्या रेषा तापमानानुसार बदलतात. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे ताऱ्यांचे वर्ग म्हणजे तप्ततेकडून थंडपणाकडे जाणारी उतरंड होय. अंतराबद्दल काडीचीही माहिती नसताना हे सर्व करता येते.

आता दुसरी पायरी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हर्ट्झस्प्रुंग आणि रसेल यांनी स्वतंत्रपणे ताऱ्यांचे तापमान आणि खरी तेजस्विता यांचा आलेख मांडला. ज्यांची अंतरे पराशयाने आधीच ठाऊक होती असे जवळचे तारे त्यासाठी उपयोगी पडले. आलेखात ठिपके कसेही विखुरलेले असतील असे वाटावे, पण बहुसंख्य तारे एका तिरक्या पट्ट्यात पडतात. हाच मुख्य अनुक्रम. केंद्रात हायड्रोजनचे हेलियम करणारे तारे या पट्ट्यात असतात आणि त्यांच्यात वस्तुमान ठरले की तापमान आणि तेजस्विता या दोन्ही गोष्टी जवळजवळ ठरून जातात. त्यामुळे तारा मुख्य अनुक्रमातला आहे आणि त्याचे तापमान अमुक आहे एवढे समजले, की त्याची खरी तेजस्विता आलेखावरून वाचता येते. आपल्या दोन अज्ञात राशींपैकी एक अशा रीतीने सुटते.

खरी तेजस्विता निरपेक्ष प्रतीने सांगतात. तारा १० पार्सेक, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर ठेवला असता तो ज्या प्रतीचा दिसेल ती त्याची निरपेक्ष प्रत. सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८३ आहे. प्रतीचा आकडा वाढतो तसा तारा मंद होतो आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर १०० पटींचा फरक. अंतर दहापट झाले की प्रकाश शंभरपट कमी होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम त्याला जोडला की हिशेबाची रीत मिळते. दृश्य प्रतीतून निरपेक्ष प्रत वजा करावी, आलेल्या फरकाला ५ ने भागावे, त्यात १ मिळवावा आणि १० चा तेवढा घात घ्यावा. उत्तर पार्सेकमध्ये येते.

कृत्तिकांवर करून पाहू. त्या गुच्छातील अगदी सूर्यासारखा तारा आपल्याला साधारण १०.६ प्रतीचा दिसतो. त्यातून ४.८३ वजा केले की ५.७७ उरतात. त्यांना ५ ने भागून १ मिळवला की २.१५४ मिळतात आणि १० चा तेवढा घात म्हणजे सुमारे १४३ पार्सेक, अर्थात ४६५ प्रकाशवर्षे.

धूळधाण

वरील हिशेबाची रीत बरोबर आहे, पण उत्तर थोडे मोठे आले आहे आणि त्यामागचे कारण माझ्या टोपणनावातच आहे. ताऱ्यांमधल्या पोकळीत धूळ असते आणि ती प्रकाश गिळते. कृत्तिकांच्या दिशेने ती फार नाही, तरी सुमारे ०.१ प्रतीइतका प्रकाश ती खाते. ही वजावट केली तर आपला तारा १०.५ प्रतीचा धरावा लागतो, फरक ५.६७ येतो आणि अंतर १३६ पार्सेक, म्हणजे सागरतीर यांच्या मार्गदर्शकांनी सांगितलेली ४४४ प्रकाशवर्षे. एवढ्याशा धुळीने २० प्रकाशवर्षांची चूक होते, तर आकाशगंगेच्या प्रतलात, जिथे कित्येक प्रतींचा प्रकाश नाहीसा होतो, तिथे काय होत असेल याचा विचार करावा.

सागरतीर यांच्या दिव्याच्या उदाहरणातही एक दुरुस्ती हवी. हवा स्वच्छ असेल तरच अंतराने रंग बदलत नाही. अवकाशातील धूळ निळा प्रकाश अधिक आणि तांबडा कमी अडवते, म्हणून मधे धूळ असली की तारा मंद तर दिसतोच, शिवाय तांबूसही दिसतो. केवळ रंगावर विसंबले तर तापमानच चुकते. यावरचा उपाय मात्र सुंदर आहे. वर्णपटातील रेषांचे स्वरूप धुळीने बदलत नाही. त्यामुळे रेषांवरून ताऱ्याचा वर्ग ठरवावा आणि त्या वर्गाच्या ताऱ्याचा खरा रंग काय असायला हवा ते पाहावे. प्रत्यक्ष दिसणारा रंग त्याहून जितका तांबूस, तितकी धूळ मधे आहे. रंगात पडलेल्या फरकाला साधारण ३.१ ने गुणले की किती प्रतींचा प्रकाश गिळला गेला ते कळते.

विशेष म्हणजे ही धूळ सर्वत्र पसरलेली आहे याचा भक्कम पुरावा अंतरे मोजण्याच्या याच पद्धतीतून पुढे आला. लिक वेधशाळेतील ट्रम्प्लर यांनी १९३० मध्ये खुल्या तारकागुच्छांची अंतरे ताऱ्यांच्या वर्गावरून आणि प्रतीवरून काढली, तेव्हा दूरचे गुच्छ जवळच्या गुच्छांपेक्षा आकाराने पद्धतशीरपणे मोठे ठरू लागले. आपल्यापासून दूर जावे तसे गुच्छ फुगत जातात, हे मानणे शक्य नव्हते. वाटेत प्रकाश शोषला जात असल्याने अंतरे फुगून येत होती.

सागरतीर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्साहाच्या भरात मी ही रीत रोहिणी ताऱ्यावर वापरून पाहिली. तिचा वर्ग के५ असल्याचे वाचले. मुख्य अनुक्रमातील के५ ताऱ्याची निरपेक्ष प्रत सुमारे ७.५ असते असे एका तक्त्यात मिळाले. रोहिणी ०.९ प्रतीची दिसते. वजाबाकी उणे ६.६ आली आणि अंतर ०.४८ पार्सेक, म्हणजे सुमारे दीड प्रकाशवर्ष! सूर्याला सर्वांत जवळचा तारा तर सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तीन वेळा हिशेब तपासला, पण आकडेमोडीत चूक सापडत नाही.

आणखी एक शंका आहे. मुख्य अनुक्रमाचा आलेख पराशयाने मोजलेल्या ताऱ्यांवरून तयार केला असेल, तर ही पद्धत शेवटी पराशयावरच उभी आहे ना? मग पराशयच चुकला तर?

जुना निरीक्षक

आपल्या आकडेमोडीत चूक नाही. रोहिणी मुख्य अनुक्रमातील तारा आहे हे गृहीत धरणे, एवढीच चूक झाली आहे. ती तांबडी राक्षसी तारा आहे. तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे, म्हणून प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा सूर्यापेक्षा कमी असूनही एकूण तेजस्विता सूर्याच्या सुमारे चारशेपट भरते. तेजस्विता पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या आणि तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. तापमान सारखेच असले तरी आकार वेगळा असेल, तर आपला सगळा हिशेब कोलमडतो. हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या जोडताऱ्यातला मोठा घटक हाही के५ वर्गाचाच आहे. बेसेल यांनी १८३८ मध्ये ज्याचा पराशय प्रसिद्ध केला तो हाच जोडतारा. तो मुख्य अनुक्रमात आहे आणि त्याची निरपेक्ष प्रत खरोखरच ७.५ आहे. रोहिणीची निरपेक्ष प्रत उणे ०.७ च्या आसपास आहे. एकाच वर्गातील या दोन ताऱ्यांत आठ प्रतींचा, म्हणजे दीड हजार पटींहून अधिक फरक आहे. रोहिणीचे खरे अंतर ६५ प्रकाशवर्षे आहे.

असे असेल तर अंतर माहीत नसताना राक्षसी तारा आणि खुजा, म्हणजे मुख्य अनुक्रमातला, तारा वेगळे ओळखायचे कसे? माउंट विल्सन वेधशाळेत ॲडम्स आणि कोलश्यूटर यांनी १९१४ मध्ये दाखवून दिले की उत्तर वर्णपटातच दडलेले असते. एकाच वर्गाच्या ताऱ्यांत काही रेषा तेजस्वी ताऱ्यांत अधिक गडद असतात, तर काही क्षीण ताऱ्यांत. यामागचे कारण मेघनाद साहा यांच्या १९२० मधील आयनीभवनाच्या, म्हणजे अणूपासून इलेक्ट्रॉन सुटण्याच्या, समीकरणाने स्पष्ट झाले. राक्षसी ताऱ्याचे वातावरण अतिशय विरळ असते, त्यामुळे अणूपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा पकडणारा जोडीदार लवकर भेटत नाही आणि तेवढ्याच तापमानाला आयनीभवन अधिक होते. म्हणून आयनीभूत स्ट्राँशियमची रेषा राक्षसी ताऱ्यांत ठळक उमटते. उलट खुज्या ताऱ्यांच्या दाट वातावरणात दाबामुळे काही रेषा रुंदावतात. या खुणांवरून ताऱ्याला वर्गाबरोबर तेजस्वितेचा गटही देतात. मुख्य अनुक्रमाचा गट पाचवा आणि राक्षसी ताऱ्यांचा तिसरा. आपण वाचलेल्या वर्णनात ‘के५’ च्या पुढे रोमन अंकात तीन लिहिलेले असणार आणि तेच नजरेतून सुटले असणार. या पद्धतीला वर्णपटीय पराशय म्हणतात. नाव दिशाभूल करणारे आहे, कारण यात कोणताच कोन मोजला जात नाही.

तरीही एकट्या ताऱ्यासाठी ही रीत ढोबळच असते, हे सांगितले पाहिजे. निरपेक्ष प्रतीचा अंदाज अर्ध्या प्रतीने चुकला, तर अंतर २५ टक्क्यांच्या आसपास चुकते. म्हणून खगोलशास्त्रज्ञांचा खरा भरवसा तारकागुच्छांवर असतो. गुच्छातील सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे त्यांचा रंग आणि दृश्य प्रत यांचा आलेख काढला तर मुख्य अनुक्रमाचा संपूर्ण पट्टा दिसतो, फक्त तो खाली सरकलेला असतो. तो प्रमाण पट्ट्यावर बसवण्यासाठी किती प्रतींनी वर उचलावा लागतो, हाच अंतराचा आकडा. शेकडो तारे एकदम बसवायचे असल्याने एखाददुसऱ्याची चूक आपोआप झाकली जाते आणि राक्षसी तारे तर पट्ट्यापासून दूर पडून स्वतःची ओळख स्वतःच देतात. कृत्तिकांच्या ताऱ्यांचा असा आलेख रोझेनबर्ग यांनी १९१० मध्येच काढला होता.

आता आपल्या दुसऱ्या शंकेकडे येतो. ही पद्धत पराशयावर उभी आहे, हे खरे आहे. मात्र हा चक्राकार युक्तिवाद नव्हे. जवळच्या ताऱ्यांच्या अंतरांवरून पट्टा ठरवायचा आणि तो दूरच्या ताऱ्यांना लावायचा, अशी ही एकाच दिशेने चढत जाणारी शिडी आहे. मात्र खालची पायरी डगमगली तर वरचे सगळे डगमगते, ही आपली भीती रास्त आहे आणि नेमके हेच कृत्तिकांच्या बाबतीत घडले. वर दिलेले १३६ पार्सेक आज निर्विवाद वाटत असले, तरी यावर सतरा वर्षे वाद चालला होता.

हिप्पार्कस हा युरोपीय उपग्रह १९८९ मध्ये सोडला गेला आणि त्याची एक लाखाहून अधिक ताऱ्यांची सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील पराशयांवरून कृत्तिकांचे अंतर सुमारे ११८ पार्सेक निघाले. मुख्य अनुक्रमाच्या पद्धतीने मात्र ते १३० ते १३५ च्या दरम्यान येत होते. दहाबारा टक्क्यांचा हा फरक किरकोळ वाटेल, परंतु त्याचा अर्थ असा होत होता की कृत्तिकांमधील ताऱ्यांची तेजस्विता अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आहे. पाव प्रतीची ही तफावत ताऱ्यांच्या रचनेच्या सिद्धान्ताला परवडणारी नव्हती. कोणी म्हणाले की या ताऱ्यांत हेलियम नेहमीपेक्षा खूप जास्त असेल, तर कोणी जड मूलद्रव्ये कमी असतील असे सुचवले. पण वर्णपटांत जड मूलद्रव्यांचे प्रमाण जवळजवळ सूर्याइतकेच दिसत होते. थोडक्यात, एका बाजूला सरळ भूमितीने केलेले मापन आणि दुसऱ्या बाजूला सिद्धान्ताच्या आधाराने काढलेला अंदाज होता. अशा वेळी कोणीही भूमितीच्या बाजूने कौल देईल. मीही तेव्हा दिला होता, हे कबूल करतो.

यातून बाहेर पडण्यासाठी तिसऱ्या, स्वतंत्र साक्षीदाराची गरज होती. कृत्तिकांमधील ॲटलस हा तेजस्वी तारा प्रत्यक्षात एकमेकांभोवती सुमारे २९१ दिवसांत फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी आहे. पॅन, शाओ आणि श्रीनिवास कुलकर्णी यांनी व्यतिकरणमापकाच्या, म्हणजे एकाहून अधिक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या उपकरणाच्या, साहाय्याने या जोडीची कक्षा मोजली आणि केप्लरच्या नियमाचा आधार घेऊन २००४ मध्ये दाखवले की अंतर १२७ पार्सेकपेक्षा कमी असू शकत नाही आणि बहुधा ते १३३ ते १३७ च्या दरम्यान आहे. यातले कुलकर्णी म्हणजे कुरुंदवाडला जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे आपले खगोलशास्त्रज्ञ, हे येथील अनेकांना ठाऊक असेलच. हबल दुर्बिणीने २००५ मध्ये काही ताऱ्यांचे पराशय मोजले, ते १३४.६ पार्सेकवर आले. तरीही हिप्पार्कसच्या आकड्यांची फेरमांडणी करणारे मागे हटले नाहीत आणि २००९ मध्ये त्यांनी १२० हा आकडा पुन्हा मांडला. २०१४ मध्ये दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून केलेल्या पराशयमापनातून १३६.२ पार्सेक हे उत्तर आले. त्यानंतर गाया उपग्रहाच्या मापनांनीही त्याच आकड्याच्या आसपास शिक्का मारला.

म्हणजे चूक हिप्पार्कसच्या बाजूला होती. आकाशाच्या एकाच लहान भागातील ताऱ्यांच्या मापनांत सारख्याच दिशेची सूक्ष्म चूक शिरली असावी, असे अनेकांचे मत आहे. हा फरक विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सुमारे एक सहस्रांश भागाचा होता. इतर बहुतेक ठिकाणी हिप्पार्कसचे आकडे उत्तम आहेत. रोहिणीच्या भोवती दिसणाऱ्या रोहिणी शकट या गुच्छाचे त्याने दिलेले अंतर, सुमारे ४६ पार्सेक, आजही जवळजवळ जसेच्या तसे मान्य आहे. जाता जाता सांगतो की रोहिणी त्या गुच्छातली नाही. ती केवळ त्याच दिशेला, त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. तिच्या अंतरावरून शकटाचे अंतर सांगणारे लेख मी एकाहून अधिक वेळा वाचले आहेत.

वर्णपटवेडा

धूळधाण यांनी केलेली दुरुस्ती मान्य आहे. सोपे करून सांगण्याच्या नादात मी धूळ झटकून टाकली होती.

जुना निरीक्षक यांच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. सागरतीर यांनी स्वतः कृत्तिकांचा आलेख काढला, आणि गायाची माहिती सर्वांना विनामूल्य खुली असल्याने ते घरबसल्या शक्य आहे, तर त्यांना मुख्य पट्ट्याच्या वर साधारण पाऊण प्रतीवर ठिपक्यांची एक समांतर, फिकट रेघ दिसेल. ते वेगळ्या प्रकारचे तारे नाहीत. ते जोडतारे आहेत, पण इतके जवळजवळ की दुर्बिणीला एकच दिसतात. दोन सारखे तारे मिळून दुप्पट प्रकाश देतात आणि दुप्पट म्हणजे ०.७५ प्रत. असा ठिपका एकटा समजून अंतर काढले तर ते सुमारे ३० टक्क्यांनी कमी येते. म्हणून पट्टा बसवताना तो ठिपक्यांच्या मधोमध बसवू नये, खालच्या काठाला धरून बसवावा.

सागरतीर

रोहिणीचा उलगडा झाला. तक्त्यात खरोखरच पुढे रोमन अंकात तीन होते. आता शेवटची शंका. गायाने इतक्या अचूकतेने पराशय मोजले असतील, तर तेजस्विता आणि तापमान यांची ही पद्धत कालबाह्य झाली असे समजावे का?

धूळधाण

तसे समजू नये. गायाच्या २०२२ मधील सूचीत जवळपास दीड अब्ज ताऱ्यांचे पराशय आहेत, पण त्यांची अचूकता ताऱ्याच्या प्रतीवर अवलंबून असते. १५ व्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांत चूक विकलेच्या सुमारे ०.००००३ इतकी असते, तर २० व्या प्रतीच्या ताऱ्यात ती ०.०००५ पर्यंत जाते. २००० पार्सेकवरच्या ताऱ्याचा संपूर्ण पराशयच ०.०००५ विकला असतो. म्हणजे तिथे असलेल्या २० व्या प्रतीच्या ताऱ्यासाठी मोजमाप आणि चूक सारख्याच आकाराची होते. अशा ताऱ्यांसाठी रंग, प्रत आणि धुळीचा अंदाज यांचाच आधार घ्यावा लागतो. प्रत्यक्षात आज पराशय आणि या तिन्ही गोष्टी एकत्र वापरतात. पराशय जिथे पक्का आहे तिथे तो पट्टा ठरवतो आणि जिथे तो डळमळीत आहे तिथे तोच पट्टा त्याला सावरतो.

सागरतीर यांना सराव करायचा असेल, तर कृत्तिकांऐवजी आधी रोहिणी शकट घ्यावा. तिथे वाटेत धूळ जवळजवळ नाहीच, त्यामुळे माझी कटकट टळेल. फक्त त्या ताऱ्यांत जड मूलद्रव्ये सूर्यापेक्षा थोडी जास्त आहेत, म्हणून पट्टा किंचित वर बसेल. तेव्हा रोहिणीसारखा घोटाळा झाला असे समजून घाबरू नये.